धनुर्वाताचे प्रतिविष : अश्वरक्तातील प्रतिपिंडांचे शुद्धीकरण आणि त्याची परिभाषा

१. विषयप्रवेश

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा भाग आज मोटारी, यंत्रे व सुटे भाग यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. औषधनिर्मितीच्या इतिहासात मात्र पिंपरीचे स्थान दोन निराळ्या कारणांनी निश्चित झाले आहे. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. दुसरे कारण त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. मुंबईच्या हाफकिन संस्थेतून १९७५ मध्ये वेगळ्या झालेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचा पिंपरी येथील विभाग घोड्यांच्या रक्तापासून होणाऱ्या प्रतिविषांसाठी ओळखला जातो. याच जिल्ह्यात, पुण्याच्या दुसऱ्या अंगास हडपसर येथे, १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. पूनावाला कुटुंब घोड्यांची पैदास करीत असे, आणि धनुर्वातावरील प्रतिविष हे त्या संस्थेच्या अगदी प्रारंभीच्या उत्पादनांपैकी होय. चाकणच्या पुढे नाशिक रस्त्यावर नारायणगाव येथेही सर्पदंशावरील प्रतिविषाची निर्मिती होते. तात्पर्य, घोड्याच्या रक्तातून माणसाचे औषध काढण्याची विद्या या प्रदेशात चांगलीच रुजलेली आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या औषधाविषयी मराठीत जे बोलले व लिहिले जाते त्यात दोन अगदी भिन्न वस्तूंना एकच नाव दिलेले आढळते, आणि हा घोटाळा केवळ कोशकारांच्या चिंतेचा नाही. भोसरीच्या एखाद्या कारखान्यात पत्र्याने हात कापलेल्या कामगाराला नेमके काय टोचले गेले, हे त्याला व पुढच्या डॉक्टरला कळणार की नाही, हे त्या नावावर अवलंबून असते. परिभाषेची चिकित्सा वस्तूच्या ज्ञानावाचून करता येत नाही. म्हणून प्रथम वस्तूचा विचार करू व मग नावांकडे वळू.

२. रोग आणि त्याचे विष

धनुर्वात हे नाव लक्षणावरून पडलेले आहे. पाठीचे स्नायू आखडून रुग्णाचे शरीर धनुष्यासारखे वाकते. संस्कृत वैद्यकात यासाठी धनुःस्तंभ आणि अपतानक ही नावे येतात. अपतानक या शब्दातील धातू तन्, म्हणजे ताणणे. ग्रीक ‘टेटॅनोस’ या शब्दाचा अर्थही ताण असाच असून त्याचा धातू संस्कृत तन् याचा सगोत्र आहे. म्हणजे टेटॅनस, अपतानक आणि आपला रोजचा ‘ताण’ ही एकाच मुळाची रूपे होत. टॉक्सिन हा शब्दही धनुष्यापासूनच निघाला आहे. ग्रीक भाषेत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य, आणि बाणाला लावावयाच्या विषावरून पुढे विषमात्राला ते नाव मिळाले.

रोगाचा जंतू मातीत आणि जनावरांच्या, विशेषतः घोड्यांच्या, शेणालिदीत बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतो. त्याला प्राणवायू सोसत नाही. म्हणून खोल, मळलेल्या, मृत मांस असलेल्या जखमेत तो वाढतो. गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो हा समज या दृष्टीने तपासून पाहिला पाहिजे. गंज स्वतः निरुपद्रवी आहे. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो आणि तो खोल घुसतो, एवढाच त्या समजातील सत्यांश. स्वच्छ दिसणाऱ्या नव्या पत्र्याने झालेली जखम मातीने माखली तर धोका तितकाच असतो.

जंतू जखमेपुरताच राहतो. अनर्थ करते ते त्याचे विष. हे विष मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरते, तंतूंच्या मार्गाने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि तेथे स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींचे काम बंद पाडते. निरोगी शरीरात एक स्नायू आकुंचन पावत असता त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला सैल राहण्याचा संदेश मिळतो. तो संदेश थांबला की सर्वच स्नायू एकदम ताठ होतात. प्रथम दातखीळ बसते, मग मान व पाठ आखडते, आणि किंचित आवाजाने वा स्पर्शानेही आचके येतात. जखमेपासून लक्षणांपर्यंत साधारणतः ३ ते २१ दिवस जातात.

या विषाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिली ही की, मज्जातंतूंत एकदा शिरलेल्या विषावर बाहेरून दिलेल्या कोणत्याही प्रतिविषाचा इलाज चालत नाही. रक्तात व ऊतींत जे मोकळे विष उरले असेल तेवढेच ते निष्प्रभ करू शकते. म्हणून येथे तासांना किंमत आहे. दुसरी ही की, मनुष्याचा प्राण घेण्यास हे विष इतके अल्प पुरते की, तेवढ्या मात्रेने शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. धनुर्वातातून बरा झालेला रुग्ण पुढच्या धनुर्वातापासून सुरक्षित नसतो. त्यालाही लस द्यावीच लागते.

पेनिसिलिनसारखे प्रतिजैविक विष बनविणाऱ्या जंतूला मारते, तयार झालेल्या विषाला ते स्पर्श करीत नाही. विषाला गाठावयाचे तर प्रतिविष हवे. पिंपरीत ज्या दोन प्रकारची औषधे बनली त्यांची कार्ये अशी परस्परपूरक आहेत.

३. घोड्याचे रक्त

१८८९ मध्ये शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिन येथे धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. १८९० मध्ये त्याने व एमिल फॉन बेहरिंग याने दाखवून दिले की, या विषाला सरावलेल्या प्राण्याचे पेशीरहित रक्त दुसऱ्या प्राण्याला टोचले असता त्याचेही विषापासून रक्षण होते. संरक्षण एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेता येते, हा तो क्रांतिकारक शोध. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शरद ऋतूपासून ब्रिटिश सैन्यातील जखमींना घोड्याचा रक्तरस सर्रास दिला जाऊ लागल्यावर त्यांच्यातील धनुर्वाताचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

घोडाच का निवडला गेला? तो मोठा व माणसाळलेला असतो, पुष्कळ रक्त देऊ शकतो आणि त्याच्या शरीरात प्रतिपिंड भरपूर तयार होतात. आणखी एक सोय अशी की, घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून लवकर तळाशी बसतात व वरचा द्रव सहज वेगळा करता येतो.

प्रथम घोड्याला विषाभ टोचतात. विषाभ म्हणजे फॉर्मलिनच्या साहाय्याने मारकता काढून घेतलेले, परंतु शरीराला ओळख पटेल असे रूप कायम राखलेले विष. ही युक्ती फ्रान्समध्ये गास्ताँ रामाँ याने १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केली. मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत नेल्यावर घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे वाढते. तेव्हा मानेच्या शिरेतून रक्त काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एका वेळी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १३ ते १५ मिलिलिटर रक्त घेणे उचित मानले जाते. म्हणजे ४०० किलोग्रॅमच्या घोड्यापासून ५ ते ६ लिटर. गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, आणि तांबड्या पेशी तळाशी बसल्यावर त्या खारट द्रावणातून त्याच घोड्याला परत देतात. त्यामुळे घोडा अशक्त होत नाही व कमी अवधीत पुन्हा रक्त देऊ शकतो. ही केवळ काटकसर नव्हे. ज्या प्राण्याच्या रक्तावर माणसाचे औषध उभे आहे त्याच्या प्रकृतीची जपणूक हा या धंद्याच्या नीतीचा भाग आहे.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करू. गोठू न देता पेशी बाजूला काढून उरलेला द्रव तो रक्तद्रव, अर्थात प्लाझ्मा. रक्त गोठू दिल्यावर गुठळीतून सुटणारा पिवळसर द्रव तो रक्तरस, अर्थात सीरम. लॅटिन भाषेत सीरम याचा मूळ अर्थ दुधाची वा दह्याची निवळी असा आहे. दही विरजून घट्ट झाल्यावर त्यावर जे पाणी सुटते ते ज्याने पाहिले आहे त्याला रक्तरसाची कल्पना करणे कठीण जाऊ नये. आज कारखान्यांत मुख्यतः रक्तद्रवच वापरला जातो, तरी औषधाचे नाव मात्र ‘सीरम’ असेच राहिले आहे.

४. दोन दुर्घटनांचा धडा

शुद्धीकरणाचा विचार करण्यापूर्वी त्याची एक प्राथमिक अट पाहू. ज्या घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे बीजाणू असतात त्याच घोड्याच्या रक्तातून धनुर्वाताचे औषध काढावयाचे आहे, आणि घोडा स्वतःही या रोगाला फार लवकर बळी पडतो. १९०१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे जिम नावाच्या घोड्यापासून घटसर्पावरील रक्तरस काढला जात असे. त्याला धनुर्वात झाल्यानंतरही आधीच्या रक्ताचा काही भाग वापरात राहिला आणि १३ मुले दगावली. त्यातूनच १९०२ मध्ये अशा जैविक औषधांवर सरकारी नियंत्रण ठेवणारा कायदा अमेरिकेत झाला.

दुसरी घटना आपल्या अधिक निकटची आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. ठपका तिचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पद सोडावे लागले. पुढे पुराव्याच्या फेरतपासणीत असे दिसून आले की, गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. दूषितीकरण त्या एकाच बाटलीपुरते होते. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये त्यांना दोषमुक्त करण्यात आले. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. ज्या संस्थेचे नाव धनुर्वाताच्या एका दुर्घटनेने काळवंडले तिच्याच परंपरेत पुढे धनुर्वाताचे प्रतिविष बनू लागले.

या दोन्ही प्रसंगांवरून एवढे ध्यानी यावे की, शुद्धतेचे दोन अर्थ आहेत. निर्जंतुकता हा एक. नको असलेले घटक काढून हवे असलेले राखणे हा दुसरा. पुढील विवेचन मुख्यतः दुसऱ्या अर्थाविषयी आहे. पण पहिल्यावाचून दुसरा निरर्थक होय.

५. शुद्धीकरण कशासाठी

प्रारंभीच्या काळी घोड्याचा रक्तरस जवळजवळ जसाच्या तसा टोचला जाई. त्याने प्राण वाचत, परंतु आठदहा दिवसांनी अनेकांना ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे दुखत व लसीकाग्रंथी सुजत. १९०५ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तोच रक्तरसजन्य आजार. माणसाचे शरीर घोड्याच्या प्रथिनांना परकी समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड बनविते, आणि त्या झगड्याचा हा परिणाम असतो. अशाच निरीक्षणांतून पिर्के याने १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. त्यासाठी मराठीत ‘अधिहर्षता’ हा पर्याय सुचविला गेला. रूढ झाला तो मात्र मूळ शब्दच. याहून भयंकर म्हणजे इंजेक्शन देताच काही मिनिटांत रक्तदाब कोसळून, श्वास कोंडून होणारी तीव्र प्रतिक्रिया.

आता घोड्याच्या रक्तद्रवात काय असते ते पाहा. दर लिटरमागे साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत अल्ब्युमिन, रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन आणि अनेक प्रकारची ग्लोब्युलिने येतात. आपल्याला हवे असलेले प्रतिपिंड ग्लोब्युलिनांच्या एका वर्गात, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनांत असतात. आणि त्यांतूनही धनुर्वाताच्या विषाला ओळखणारे प्रतिपिंड हा एक अंशच. उरलेले सारे रुग्णाच्या दृष्टीने निरुपयोगी, किंबहुना उपद्रवी ओझे होय. ते कमी करणे हाच शुद्धीकरणाचा हेतू.

६. शुद्धीकरणाच्या पायऱ्या

प्रतिपिंडाचा रेणू आकाराने बेचकीसारखा असतो. बेचकीचे दोन फाटे विषाला पकडतात. खालची मूठ शरीरातील इतर यंत्रणांना जागृत करण्याचे काम करते. फाटे व मूठ यांच्या सांध्याशी लवचिक बिजागरी असते. संपूर्ण रेणूचे वजन सुमारे १,५०,००० डाल्टन भरते. विष निष्प्रभ करण्यास फाटे पुरेसे आहेत. मूठ राहिली तर घोड्याच्या परक्या प्रथिनाचे ओझे वाढते आणि काही प्रतिक्रियांना निमित्त मिळते. म्हणून मूठ छाटून दोन्ही फाटे जोडलेले राखावे, ही मुख्य कल्पना.

हे छाटण्याचे काम पेप्सिन करते. पेप्सिन हे जठरातील पाचक द्रव्य असून ते सामान्यतः डुकराच्या जठरापासून मिळवितात. त्याचे नाव ज्या ग्रीक धातूपासून आले तो संस्कृत पच् याचा सगोत्र; म्हणजे पेप्सिन आणि पचन एकाच कुळातील शब्द होत. पार्फेन्त्येव याने १९३६ मध्ये आणि पोप याने १९३९ मध्ये प्रतिविषाच्या शुद्धीकरणासाठी ही पद्धत बसविली. प्रतिपिंडाची रचना मात्र त्यानंतर उलगडली. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर याने पपईच्या चिकातील पपेन वापरून रेणूचे तीन तुकडे केले, आणि १९६० मध्ये आल्फ्रेड निसोनॉफ याने पेप्सिनने जोडलेले दोन फाटे मिळतात हे स्पष्ट केले. रचनेच्या शोधाबद्दल पोर्टर व जेरल्ड एडेलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भाषा आधी बोलली जाते व व्याकरण मागाहून लिहिले जाते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष क्रम स्थूलमानाने असा असतो. रक्तद्रवात पाणी घालून तो पातळ करतात व आम्ल मिसळून त्याचा सामू सुमारे ३ ते ३.५ पर्यंत खाली आणतात, कारण पेप्सिन आम्लातच काम करते. मग पेप्सिन घालून मिश्रण ठराविक वेळ ठेवतात. अल्ब्युमिनादी प्रथिनांचा बराच भाग पचून बारीक तुकडे होतात, आणि प्रतिपिंडांची मूठ छाटली जाते. येथे वेळेचे व तापमानाचे भान अत्यंत आवश्यक असते. पचन अपुरे राहिले तर अखंड रेणू शिल्लक राहतात. फार झाले तर फाट्यांचीही हानी होते.

त्यानंतर सामू थोडा वर आणून काही प्रमाणात अमोनियम सल्फेट घालतात व मिश्रण सुमारे ५५ ते ५८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. अंडे उकडल्यावर त्यातील पांढरा बलक जसा साकळतो तशी उष्णतेस न टिकणारी प्रथिने साकळून गाळली जातात. जोडफाटे मात्र ही ऊब सहन करतात व गाळलेल्या द्रवात राहतात.

तिसऱ्या पायरीस आणखी अमोनियम सल्फेट घालतात. क्षाराचे प्रमाण वाढले की पाण्याचे रेणू क्षाराभोवती गुंततात आणि प्रथिनांना विरघळून राहण्यास पाणी पुरत नाही. ती साका होऊन खाली बसतात. साबण करताना मीठ घालून साबण वर आणतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. या वेळी खाली बसतात ते आपले जोडफाटे. साका गाळून घेऊन तो पुन्हा पाण्यात विरघळवितात. आता त्यातील क्षार व बारीक तुकडे काढावयाचे असतात. पूर्वी यासाठी द्रावण पातळ पडद्याच्या पिशव्यांत भरून वाहत्या पाण्यात ठेवीत. यालाच अपोहन म्हणतात. आज त्याऐवजी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून दाबाने गाळण्याची पद्धत वापरली जाते. सुमारे १,१०,००० डाल्टनचे जोडफाटे पटलाच्या अलीकडे राहतात व लहान रेणू पलीकडे जातात. हवे असल्यास विद्युत्भारित कणांच्या स्तंभातून नेऊन आणखी शुद्धी साधतात. शेवटी परिरक्षक द्रव्य घालून ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीने द्रावण निर्जंतुक करतात, चाचण्या घेतात व कुप्या भरतात.

याहून निराळी एक पद्धत कॅप्रिलिक आम्लाची. या आम्लाला बकऱ्यासारखा वास येतो व लॅटिनमधील बकरीवाचक शब्दावरून त्याचे नाव पडले आहे. १९६९ मध्ये स्टाइनबुख व ऑद्राँ यांनी दाखविले की, हे आम्ल घातले असता प्रतिपिंडांखेरीज बहुतेक प्रथिने खाली बसतात व प्रतिपिंड द्रवातच राहतात. अमोनियम सल्फेटच्या पद्धतीत हवे ते खाली बसते व नको ते वाहून जाते; येथे नको ते खाली बसते व हवे ते वर उरते. हव्या असलेल्या रेणूला साका होऊन पुन्हा विरघळण्याचा त्रास सोसावा लागत नाही, त्यामुळे त्याचे गोळे कमी बनतात. प्रतिविषांच्या निर्मितीत, विशेषतः कोस्टा रिका येथील सर्पविषविषयक कामामुळे, या पद्धतीला बरेच महत्त्व आले.

७. शुद्धतेचे मोजमाप

‘शुद्ध’ हे विशेषण सामान्य भाषेत निरपेक्ष आहे: पाणी एक तर शुद्ध असते किंवा नसते. प्रयोगशाळेत ते सापेक्ष आहे. प्रतिविषाची शक्ती आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. ठराविक मात्रेच्या विषाबरोबर ते मिसळून उंदरांना टोचतात, आणि मान्य प्रमाणनमुन्याशी तुलना करून एकके ठरवितात. मग एका ग्रॅम प्रथिनामागे किती एकके मिळाली हे पाहतात. शुद्धीकरणाने हा आकडा वाढला पाहिजे. परंतु प्रत्येक पायरीवर थोडे प्रतिपिंडही नष्ट होतात. म्हणून एकंदर किती एकके हाती उरली, हा दुसरा आकडा घटत जातो. पहिला आकडा रुग्णाच्या सुरक्षिततेचा, तर दुसरा घोड्याच्या रक्ताचा व औषधाच्या किमतीचा. एकाच्या हव्यासाने दुसऱ्याचा बळी न देणे यात निर्मात्याचे कौशल्य असते.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. मूठ छाटलेले जोडफाटे शरीरातून अखंड प्रतिपिंडापेक्षा लवकर बाहेर पडतात, आणि घोड्याचा अखंड प्रतिपिंडदेखील मानवी प्रतिपिंडाइतका टिकत नाही. मानवी प्रतिपिंडांचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणूनच प्रतिबंधक मात्रा घोड्याच्या रक्तरसाची १,५०० एकके, तर मानवी इम्युनोग्लोब्युलिनाची २५० एकके अशी रूढ झाली. आज मानवी रक्तापासून मिळविलेले इम्युनोग्लोब्युलिन जेथे उपलब्ध असेल तेथे तेच प्रथम पसंत केले जाते. ते महाग असते व सर्वत्र मिळत नाही. अशा ठिकाणी घोड्याचे शुद्ध केलेले प्रतिविष अद्याप उपयोगी पडते. ते देताना संवेदनक्षमता विचारून घेणे, ॲड्रेनलिन हाताशी ठेवणे आणि रुग्णावर नजर ठेवणे आवश्यक असते. त्वचेवरील चाचणी निर्दोष आली म्हणून धोका टळला असे समजू नये.

८. परिभाषेचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जखम झाली की आपल्याकडे ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ घेतात. या एका शब्दप्रयोगात तीन वस्तू सामावल्या आहेत: विषाभ, घोड्याचे प्रतिविष आणि मानवी इम्युनोग्लोब्युलिन. पहिली वस्तू शरीराला प्रतिपिंड बनविण्यास शिकविते. पूर्वी लस घेतलेल्याच्या शरीरात ते काही दिवसांत बनतात. प्रथमच घेणाऱ्याला आठवडे लागतात व एकाहून अधिक मात्रा घ्याव्या लागतात. उरलेल्या दोन वस्तू तयार प्रतिपिंड पुरवितात. त्यांचा उपयोग तात्काळ होतो, पण काही आठवड्यांत संपतो. कधीच लस न घेतलेल्या मनुष्याची जखम खोल व मळलेली असेल तर त्याला दोन्ही द्यावी लागतात, तीही निरनिराळ्या सिरिंजांनी व निरनिराळ्या जागी. अशा मनुष्याने केवळ विषाभ घेऊन ‘इंजेक्शन झाले’ असे मानले तर ज्या आठवड्यांत धोका सर्वाधिक त्याच आठवड्यांत तो उघडा राहतो. उलट, केवळ प्रतिविष घेऊन ‘लस झाली’ असे समजला तर पुढील जखमेच्या वेळी त्याचे संरक्षण शून्य असते.

‘लस’ या शब्दाचा इतिहास या घोटाळ्यावर थोडा प्रकाश टाकतो. जखमेतून वा फोडातून पाझरणारा पातळ द्रव म्हणजे लस, हा बोलीतील अर्थ अद्याप जिवंत आहे. देवी टोचण्यासाठी फोडातील असाच द्रव वापरला जाई. म्हणून ‘देवीची लस’ हा प्रयोग अक्षरशः खरा होता. पुढे द्रव मागे पडला व रोगप्रतिबंधासाठी टोचावयाचे कोणतेही द्रव्य ती लस, असा अर्थविस्तार झाला. त्या विस्ताराच्या ओघात वृत्तपत्रे ‘सर्पदंशावरील लस’ असेही लिहू लागली. वस्तुतः सर्पदंशावरील औषध हे प्रतिविष आहे. ते दंशानंतर द्यावयाचे असते, आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नसतो. शब्दाने मात्र वाचकाची समजूत नेमकी उलट होते.

यावर नवे शब्द घडविण्याची गरज नाही. विषाभ, प्रतिविष, प्रतिपिंड, रक्तरस, रक्तद्रव हे शब्द आपल्या परिभाषेत आधीच आहेत. अडचण आहे ती त्यांच्या एकसारखेपणाची. प्रतिपिंड, प्रतिविष, प्रतिजन, प्रतिजैविक या साऱ्यांच्या आरंभी ‘प्रति’ हा उपसर्ग येतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी एकच संबंध दाखवीत नाही. प्रतिविष विषाला विरोध करते, प्रतिजैविक जंतूला. प्रतिजन मात्र विरोध करीत नाही, तो विरोध उत्पन्न करतो. ‘प्रतिबिंब’, ‘प्रतिकृती’ यांत तर ‘प्रति’चा अर्थ विरोधाचा नसून सादृश्याचा आहे. विद्यार्थ्याला हे शब्द पाठ करविण्यापेक्षा प्रत्येकातील संबंध उलगडून दाखविणे अधिक फलदायी ठरेल.

लोकव्यवहारासाठी याहूनही साधी सूचना करता येईल. लस आणि प्रतिविष हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. कारखान्यातील प्रथमोपचाराच्या नोंदवहीत आणि रुग्णाच्या कागदावर ‘इंजेक्शन दिले’ एवढेच न लिहिता त्यांपैकी काय दिले, कोणत्या तारखेस दिले हे मराठीत लिहावे. लघुनामांवर विसंबून भागत नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आता नुसत्या धनुर्वात-विषाभाऐवजी धनुर्वात व प्रौढ मात्रेतील घटसर्प यांची जोडलस, म्हणजे टीडी, आली आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘टीटी’ हेच नाव आहे. बदललेल्या वस्तूचे जुने नाव टिकणे ही भाषेची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. म्हणूनच नोंदीत वस्तूचे नाव स्पष्ट हवे.

९. समारोप

मे २०१५ मध्ये भारतातील माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. हे यश मुख्यतः गर्भवतींना दिलेल्या लसीचे व स्वच्छ प्रसूतीचे आहे. परंतु येथे निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर १,००० जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच आहे. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आहेत व राहणार. हा रोग माणसाकडून माणसाला होत नसल्यामुळे शेजाऱ्याने घेतलेल्या लसीचा आपणास काही उपयोग होत नाही. दूरच्या राज्यातून चाकणला आलेला, लहानपणीच्या लसीची कसलीही नोंद नसलेला कामगार जेव्हा जखम घेऊन दवाखान्यात येतो तेव्हा लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचीही गरज पडते.

ते प्रतिपिंड घोड्याच्या रक्तातून वेगळे काढण्याची विद्या शंभर वर्षांहून अधिक काळ क्रमशः सुधारत आली आहे. निर्जंतुकतेपासून पेप्सिनच्या पचनापर्यंत व पटलांच्या गाळणीपर्यंत तिची प्रत्येक पायरी एकेका भेदावर उभी आहे: जंतू आणि विष, रक्तद्रव आणि रक्तरस, अखंड रेणू आणि जोडफाटे. कारखान्यात जे भेद इतक्या कष्टाने राखले जातात ते दवाखान्याच्या कागदावर एका ‘इंजेक्शन’ शब्दात पुसले जाऊ नयेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा आग्रह आहे. वैद्यक व भाषा या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून कारखान्यांच्या प्रथमोपचार-नोंदींतील शब्दांची पाहणी केली, तर या घोटाळ्याची व्याप्ती निश्चित कळेल व सुधारणेचा मार्गही सापडेल.